बोंबलाच्या जुड्या

आमच्या घरात समुद्रावर जायचं ठरलं ते मेथीमुळे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आई, उभी हयात भाजीबाजारात बसल्या. मखमलाबादकडे मळा, मळ्यात पालेभाजी, आणि पहाटे टेम्पोत जुड्या रचल्या की जुड्यांच्या शेजारी आई. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, संदीपने, जाहीर करून टाकलं की आता आईने बाजारात बसायचं नाही. आमच्याकडे नाशिक रोडला राहायचं आणि आराम करायचा. मळा थोरल्या दिरांनी सांभाळला आणि आई आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आल्या.

आराम करणं त्यांना काही जमेना. दिवसभर गॅलरीत बसून त्या खालच्या हातगाड्यांवर नजर ठेवायच्या. "ए भाऊ, ती मेथी कालची हे! पाणी मारून काय तरणी व्हती का ती?" हा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचायचा आणि गिऱ्हाईक हातातली जुडी ठेवून निघून जायचं. बघता बघता आमच्या गल्लीत भाजीवाले यायचेच बंद झाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. आमचे चेअरमन फार सभ्य गृहस्थ आहेत. ते संदीपला म्हणाले, "मावशींना चार दिवस कुठेतरी शांत ठिकाणी घेऊन जा. त्यांनाही बरं वाटेल, आणि आम्हालाही भाजी मिळेल."

शांत ठिकाण कुठलं, यावर आमची मुलगी गौरी लगेच म्हणाली, "समुद्र." ती तिसरीत आहे आणि तिने समुद्र फक्त चित्रकलेच्या वहीत पाहिला होता. आईंनी तर तिथेही नाही. संदीपने मोबाइलवर शोधाशोध केली. शांत, उथळ, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना चालेल असा किनारा. उत्तर आलं, डहाणू.

"तिथं मासे अस्त्याल," आई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मासळी खाणं सोडा, तिचा वास आला तरी त्या आंघोळ करतात.

"आई, मासे पाण्यात असतात. आपण काठावर बसायचं," संदीप म्हणाला.

शुक्रवार, घसरत घसरत

गाडी माझ्या भावाची, नितीनची. नितीन ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे आणि गाडीलाही तो विमानच समजतो. किल्ली देण्याआधी त्याने संदीपला गाडीभोवती फिरवलं. टायर, वायपर, आरसे, इंडिकेटर. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून तो म्हणायचा, "ओके?" आणि संदीपने "ओके" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. गाडी घेऊन वर्ष होत आलं तरी सीटवरचं प्लास्टिक त्याने काढलेलं नव्हतं. त्यामुळे त्र्यंबकच्या पुढे घाट लागल्यावर गंमत झाली. डावं वळण आलं की आम्ही तिघी उजव्या दाराला जाऊन चिकटायचो आणि उजवं आलं की डाव्या. मोखाड्यापर्यंत गौरीला हा खेळ वाटत होता. मोखाड्यानंतर तिला उलटी झाली, आणि प्लास्टिक का ठेवलंय ते मला कळलं.

निघताना नाशिकला हाडं गोठवणारी थंडी होती. आम्ही सगळे स्वेटर, मफलर, कानटोप्या अशा थाटात निघालो होतो. जव्हारला चहा प्यायलो तेव्हा मफलर उतरले, चारोटी नाक्याला स्वेटर उतरले, आणि डहाणूत शिरलो तेव्हा मागच्या सीटवर कपड्यांचा एवढा ढीग झाला होता की गौरी सापडेना. आईंनी मात्र कानटोपी काढली नाही. "समुद्राचं वारं कानात जातं," त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

आम्ही उतरलो ते चिकूच्या वाडीत. वाडीचे मालक म्हणजे एक थुलथुलीत, हसरे काका. त्यांनी आल्या आल्या आमच्यापुढे चिकू ठेवले. मग जेवणात चिकूचं लोणचं आलं, जेवणानंतर चिकूच्या सुकवलेल्या चकत्या आल्या आणि गौरीसाठी चिकूचं दूध आलं. नाशिकला आम्ही पाहुण्यांना द्राक्षं देतो, पण द्राक्षं देऊन थांबतो. इथे उशीचा अभ्रासुद्धा चिकूच्या रंगाचा होता.

"समुद्र कुठंय?" गौरीने तिसऱ्यांदा विचारलं.

"असा समोर, सुरूच्या झाडांपलीकडे," काका म्हणाले. मग घड्याळात पाहून म्हणाले, "पण आत्ता नाही तो. संध्याकाळी येईल."

आम्हाला वाटलं विनोद करतायत. सुरूच्या झाडांतून पलीकडे गेलो तर खरोखरच समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत ओली, सपाट, राखाडी वाळू. मध्येच एक होडी कुशीवर झोपल्यासारखी कलंडलेली. दोन कुत्री. बाकी काही नाही.

गौरीचा चेहरा पडला. आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"आटला का काय?" त्यांनी विचारलं.

"ओहोटी आहे आई," संदीपने समजावलं. संदीप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये असतो, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या कंट्रोलमध्ये आहे असं त्याला वाटतं. त्याने चंद्र, पृथ्वी, गुरुत्वाकर्षण असं सगळं हातवारे करून सांगितलं. आईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे आपली गोदावरी बरी," त्या म्हणाल्या. "कवाबी जा, जागेवर असती."

संध्याकाळी मात्र तो आला. कसा आला ते कळलंच नाही. आम्ही चहा पिऊन परत गेलो तर सगळी वाळू गायब आणि सुरूच्या झाडांपासून थोड्याच अंतरावर पाणी. लाटा म्हणाल तर इतक्या लहान की आमच्या बादलीत कपडे खळबळताना याहून मोठ्या उठतात. दुसरीकडे कुठे असं पाणी पाहिलं असतं तर मी त्याला तलाव म्हटलं असतं. लहान मुलं गुडघाभर पाण्यात बसून होती, एक आजोबा पँट दुमडून उभ्या उभ्या पेपर वाचत होते. गौरी किंचाळत आत पळाली आणि कपड्यांसकट बसली.

आई काठावर आल्या. वाकून एक बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं केलं.

"एवढं पाणी, अन् एक वाफा भिजायच्या लायकीचं नाय," त्या म्हणाल्या. आणि वळून, कानटोपी नीट करून, वाडीच्या दिशेने चालायला लागल्या.

त्या रात्री जेवताना त्या फारसं बोलल्या नाहीत. संदीप माझ्याकडे बघत होता, मी चिकूकडे बघत होते. घरी गॅलरीत तरी त्या ओरडायच्या. इथे ओरडायलाही काही नव्हतं.

शनिवार, नितीनची गाडी पाण्यात

सकाळ वाळूचे किल्ले करण्यात गेली. जेवणं झाल्यावर समुद्र पुन्हा गेलेला. लांबवर एक चकाकणारी रेघ दिसत होती तेवढाच. काठावरच्या ओल्या घट्ट वाळूवर दोन-तीन गाड्या उभ्या होत्या आणि पोरं त्यांच्याभोवती क्रिकेट खेळत होती. ते पाहून संदीपच्या डोक्यात आलं.

"आईला एवढं चालवणार नाही. गाडीनेच पाण्यापर्यंत नेऊ," तो म्हणाला. "दुरून बघितला म्हणून तिला आवडला नाही. जवळ बसली की आवडेल."

काकांनी कुंपणावरून हाक मारून सांगितलं की काळपट वाळू दिसेल तिकडे जाऊ नका, खाली चिखल असतो. संदीप म्हणाला, "ओके."

आई गाडीत बसायला तयार नव्हत्या. "आधी तुम्ही जाऊन या. मग बघू." सुरूच्या झाडाखाली एकच सावली धड होती, आणि त्या सावलीत एक मासळीवाली पाटी मांडून बसली होती. गावाला परत निघालेले पाहुणे जाता जाता मासळी नेतात, म्हणून ती तिथे बसायची. हिराबाई तिचं नाव. ठसठशीत बाई, नऊवारी गच्च कसलेली, अंबाड्यात अबोली. आई तिच्यापासून जमेल तेवढ्या लांब, पण सावली सुटणार नाही अशा बेताने दगडावर बसल्या आणि पदर नाकाला लावला.

आम्ही तिघं गाडीतून निघालो. सुरुवातीला छान वाटलं. वाळू रस्त्यासारखी घट्ट, काच उघडी, वारं. चकाकणारी रेघ जवळ यायला लागली. मी म्हटलं, "इथे वाळू काळी दिसतेय."

"ती सावली आहे," संदीप म्हणाला.

आभाळात एकही ढग नव्हता, हे मी सांगायच्या आत गाडी एका बाजूला खचली. संदीपने रेस केली. मागचं चाक गरागरा फिरलं आणि चिखलाचा एक फवारा गौरीच्या उघड्या खिडकीतून आत आला. त्याने आणखी रेस केली. गाडी आणखी खाली गेली. तो उतरला, चाकाखाली नितीनचे चारही पायपुसण्याचे रबर घातले आणि पुन्हा रेस केली. पहिला रबर उडून बराच लांब जाऊन पडला. बाकीचे तीन चाकाने गिळले.

"पाणी कुठून आलं?" गौरीने आनंदाने विचारलं.

मी खाली पाहिलं. आमच्या चपलांना पाणी लागत होतं. रेघ आता रेघ राहिली नव्हती.

"घाबरायचं कारण नाही," संदीप पाण्यात उभा राहून म्हणाला. "कंट्रोलमध्ये आहे."

मी गौरीला उचललं आणि पळत सुटले. क्रिकेटवाली पोरं आणि त्यांच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. काठाला ओळखीची अशी दिसली ती दोनच माणसं, आई आणि हिराबाई. मी धापा टाकत हिराबाईला सांगितलं. तिने उभं राहून डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि एकच शब्द उच्चारला. तो तिच्या बोलीतला होता. मला कळला नाही, पण तो संदीपबद्दल होता हे कळलं.

"चल गो बाय, ट्रॅक्टर आणू. आमच्या दिराचा हाय, होड्या वढायचा." मग तिने वळून आईंना सांगितलं, "आजी, जरा पाटीकडं बघा हां. कावळे लय येतात."

आई पदराआडून काहीतरी म्हणाल्या. हिराबाई तोवर निघाली होती. ती पुढे, मी मागे, गौरी माझ्या कडेवरून "ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!" ओरडत.

दीर घरीच होते, जेवून पडलेले. काशिनाथभाऊ. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त, "कोणती गाडी?" आणि मी सांगितल्यावर, "नवी आहे?" मी हो म्हटल्यावर त्यांनी चुकचुकत टोपी घातली. ट्रॅक्टरवर दोर, दोरावर त्यांचे दोन भाऊबंद आणि मागे वाटेत भेटलेले आठ-दहा लोक, अशी आमची मिरवणूक किनाऱ्यावर पोचली तेव्हा पाणी गाडीच्या निम्म्या चाकाला लागलं होतं. संदीप गाडीच्या टपावर बसला होता. पायातले बूट त्याने हातात धरले होते.

दोर पुढच्या बाजूला बांधला. हिराबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हुकूम सोडत होती. "वढ! थांब! अरे डावीकडं! तो टपावरचा माणूस उतरवा आधी!" संदीप उतरून स्टिअरिंगवर बसला. काशिनाथभाऊंनी ट्रॅक्टर ओढला. जोराचा 'कडाक्' आवाज झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ट्रॅक्टर ऐटीत पुढे निघाला. त्याच्या मागे दोराला बांधलेला पुढचा बंपर लाटांवरून घसरत घसरत चालला होता. गाडी जागच्या जागी होती.

नेमका तेव्हा माझा फोन वाजला. नितीन. व्हिडिओ कॉल. गाडीची तब्येत विचारायला त्याने कालही याच वेळेला फोन केला होता. मी घाबरून उचलला आणि मोबाइल समुद्राकडे वळवला.

"वा!" नितीन म्हणाला. "किती शांत आहे गं! गाडी कुठंय?"

"इथेच आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"उन्हात नका ठेवू हां. रंग जातो."

"नाही, उन्हात नाही. गारव्याला ठेवलीय," मी म्हटलं आणि रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी काशिनाथभाऊंनी स्वतः पाण्यात बसून, मान वाकवून, खालची कडी शोधली. दोर तिला बांधला. सगळ्यांनी मागून खांदे लावले. मीही लावला. "होऽऽ" असा एकच सूर निघाला, चिखलाने एक मोठा सुस्कारा सोडला आणि गाडी एकदाची सुटली. काठावर आल्यावर तिच्या दारातून पाणी, वाळू आणि एक छोटा खेकडा बाहेर पडला. सीट मात्र कोरड्या होत्या. प्लास्टिक होतं ना.

काशिनाथभाऊंनी जाळी शिवायची सुई आणि हिरवा नायलॉनचा दोरा मागवला आणि तिथेच बंपर गाडीला शिवून टाकला. इतका सुबक की लांबून नक्षी वाटावी. संदीप चिखलाने माखलेला, हात जोडून उभा होता. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "दर आठवड्याला एक असतो," ते म्हणाले. "तुम्ही टपावर बसलात, तेवढं नवीन."

हिराबाई पदराने तोंड पुसत झाडाकडे निघाली आणि मध्येच थबकली. मी तिच्या मागे होते. मीही थबकले.

झाडाखाली गर्दी होती. गर्दीच्या मध्ये आई. दगड सोडून त्या पाटीमागे हिराबाईच्या जागेवर बसल्या होत्या. दोन्ही हातांत चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या मोज्यांसारख्या चढवलेल्या, पदर नाकावरून मागे नेऊन गाठ मारलेला, वर कानटोपी. डोळे तेवढे उघडे. आणि पाटीत बोंबील नव्हते. म्हणजे होते, पण सुटे नव्हते. हिराबाईच्या गोणपाटाची सुतळी उसवून आईंनी बोंबलांच्या जुड्या बांधल्या होत्या. डोकी एका रेषेत, शेपट्या एका रेषेत, अगदी मेथीसारख्या. आणि त्यांच्यावर त्या हाताने पाणी शिंपडत होत्या.

"घ्या ताजे! कवळे कवळे! आत्ताच काढलेत!" पदराआडून तो तिसऱ्या मजल्यावरचा आवाज घुमत होता.

"ताजे आहेत का पण मावशी?" एका बाईने विचारलं.

"दांडा मोडून बघ!" आई म्हणाल्या.

दुसऱ्या एका नव्या नवरीने विचारलं, "हे करायचे कसे?" आई क्षणभर थांबल्या. मग ठासून म्हणाल्या, "लसूण घाल, हिरवी मिरची घाल. झाकण ठिऊ नको, काळी पडती. वरून शेंगदाण्याचा कूट." नवरी "थँक यू" म्हणून दोन जुड्या घेऊन गेली. तिच्या घरी त्या रात्री काय झालं असेल ते देव जाणे. प्रत्येक गिऱ्हाइकाला आई वरून चिमूटभर कोलंबी फुकट टाकत होत्या, बाजारात कढीपत्ता टाकायच्या तशी.

हिराबाई पुढे झाली. पाटीकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं आणि हसत हसत वाळूत बसलीच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिचं हसणं थांबेना.

"आजी, मी कावळ्यांकडं बघा म्हटलं होतं!"

"कावळे आलेच नाय. गिऱ्हाईक आलं," आई म्हणाल्या. "दारात आलेलं गिऱ्हाईक काय परत लावायचं? अन् बाय, तुझा माल लय कोमेजल्याला. एकेक कसं लुळं पडल्यालं. बांधून पाणी मारलं तवा जरा उभारी आली."

"आजी, बोंबील असाच असतो."

"असा?" आईंनी एका जुडीकडे दयेने पाहिलं.

मग हिराबाईचं लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेलं आणि तिचं हसू एकदम थांबलं. "अगो बाय, माळ हाय तुमच्या गळ्यात. माझ्यामुळं..."

आईंनी हातातल्या पिशव्या काढल्या. घाई न करता नाकावरचा पदर सोडला.

"तू माझ्या लेकासाठी पाण्यात उभी ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "मी काय तुझ्या पाटीपाशी नाक धरून बसू? इठोबाला समजतं. त्यो बी कमरंवर हात ठिऊन बाजार बघतच उभा हे."

तरीही वाडीत आल्यावर त्यांनी दोनदा डोक्यावरून आंघोळ केली. दुसऱ्यांदा पाणी गरम नव्हतं, आणि न्हाणीघरातून जे शब्द ऐकू आले ते विठोबाला उद्देशून नसावेत.

शनिवार संध्याकाळ, हिराबाईचं अंगण

हिराबाईने जेवायला बोलावलं. जायचं कसं, हा प्रश्न होता. तिच्या अंगणात बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, खाली मांजरांची सभा. पण तिने मागच्या परड्यात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला आमची पानं मांडली होती. शेजारच्या वाडीतल्या मैत्रिणीकडून नवं मडकं आणून त्यात उकडहंडी लावली होती. रताळी, कोनफळ, वालपापडी, वांगी, हिरवा मसाला, वरून पाला दाबून मंद विस्तवावर शिजवलेली. सोबत तांदळाची भाकरी, आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे अगदी रुमालासारखी मऊ.

आईंनी पहिला घास घेतला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"वालपापडी कुठनं आणली?" त्यांनी विचारलं.

"बाजारातून."

"काय भाव?"

हिराबाईने सांगितलं. आई ताडकन म्हणाल्या, "लुटलं तुला!" आणि मग त्या दोघी बोलायला लागल्या. पाणी किती मारावं, सकाळचं गिऱ्हाईक आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक, उधारी मागणाऱ्या बायका कशा ओळखाव्यात, पावसाळ्यात पाटी कशाने झाकावी. एकीचा माल जमिनीतला, एकीचा पाण्यातला, पण भांडणं तीच. आई हसत होत्या. दिवाळीपासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. संदीपने भाकरी हातात तशीच धरून ठेवली होती.

रविवार, निघता निघता

सकाळी सामान गाडीत भरलं, काकांनी वर चिकूची पेटी ठेवली आणि पाहतो तर आई नाहीत. गौरी म्हणाली, "आजी कधीच गेली बंदरावर."

बंदरावर होड्या लागल्या होत्या. ओल्या फरशीवर मासळीवाल्यांची रांग, आणि रांगेत, हिराबाईच्या शेजारी, उलट्या टोपलीवर बसलेली एक कानटोपी. बाकीच्या बायका त्यांना 'नाशिकवाली' म्हणत होत्या. आज त्या मासळीला हात लावत नव्हत्या. फक्त ओरडत होत्या. हिराबाईचा घसा बसला होता म्हणून आई तिच्या वतीने ओरडत होत्या.

संदीप गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि पाटीसमोर उकिडवा बसला. मी मागे उभी होते.

"आई, निघायचं ना?"

"येते. एवढी पाटी होऊ दे."

तो हलला नाही. तसाच बसून म्हणाला, "घरी तुला काही कमी पडतं का गं?"

आईंनी ओरडणं थांबवलं. "नाय रं. लय सुख हे घरात," त्या म्हणाल्या. "सून चांगली, पोर गोड. पण दिवसभर कुणी भाव इचारत नाय."

संदीपने मान खाली घातली आणि तो बराच वेळ एका सुरमईच्या डोळ्यात बघत राहिला.

मागून एक माणूस म्हणाला, "भाऊ, घ्यायचं नसेल तर सरका."

संदीप सरकला नाही. "गुडघ्यांचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"ते गॅलरीत बी दुखत्यातच की."

"मग मी सोडत जाईन बाजारात. पण जमिनीवर बसायचं नाही. खुर्चीवर बसायचं."

"खुर्चीवर?" आई उसळल्या. "खुर्चीवर बसून कोथिंबीर इकते का कुणी? लोक तहसीलदारीणबाई म्हणत्याल!"

"खुर्ची."

"पाट."

"पाटाने काय होणार? खुर्ची."

हिराबाई बसलेल्या घशाने मध्ये पडली, रांगेतल्या चार बायका पडल्या, मागचा माणूससुद्धा पडला. शेवटी सौदा स्टुलावर तुटला. आईंनी पाटी संपेपर्यंत ओरडून घेतलं, उठताना हिराबाईने त्यांच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा खोचायचा प्रयत्न केला, पण मध्ये कानटोपी आली. मग आईंनी ती काढली. आल्यापासून पहिल्यांदाच.

घाटात परतताना आम्ही पुन्हा घसरत होतो, आता वाळूसकट. ओझरला नितीनने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत बंपरपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. संदीपने माझा हात घट्ट धरला. नितीनने हिरव्या टाक्यांवरून बोट फिरवलं, एक गाठ ओढून पाहिली.

"ही गाठ कोणी मारली?" त्याने विचारलं.

आम्ही सांगितलं. सगळंच सांगितलं. तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही. पण त्याने बंपरही बदलून घेतला नाही, आणि कारखान्यातल्या मित्रांना तो ती गाठ दाखवतो असं वहिनी म्हणते.

आता आई पुन्हा बाजारात बसतात, स्टुलावर. आमच्या गल्लीत भाजीवाले परत यायला लागलेत. आईंनी गौरीकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतलाय. सकाळची गर्दी ओसरली की त्या मोबाइल भाजीच्या ढिगाला टेकवून ठेवतात आणि तिकडून हिराबाई दिसते. दोघी फार बोलतात असं नाही. ही आपल्या गिऱ्हाइकाला सांभाळते, ती तिच्या. फोन आपला चालू असतो.

परवा मी ऑफिसला जाताना डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक छान साडीतल्या बाई भाजी निवडत होत्या. तेवढ्यात ढिगातून हिराबाईचा आवाज आला, "पापलेट घ्या पापलेट! ताजं फडफडीत पापलेट!" बाई दचकल्या. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच पाल्याची एक जुडी उचलून खाली डोकावल्या, दुसरी उचलून डोकावल्या.

"मावशी," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "पापलेट कुठे ठेवलंय?"

"ते डहाणूला," आई मान वर न करता म्हणाल्या. "हितं शेपू हे. देऊ?"